बसायची नोकरी

मला बसायची नोकरी पाहिजे होती, बाकी काही नाही. मोठ्या पगाराची नको होती, मानाचीही नको होती. सकाळी घरून निघावं आणि दिवेलागणीला घरी यावं, एवढंच माझं म्हणणं. पण ही गोष्ट मी ज्याच्याजवळ काढली त्याला तिच्यावर काहीतरी मत असायचं, आणि ते ऐकून घेण्यावाचून मला गत नसायची. कारण मी नेहमी कुठल्यातरी मोटरीची नाहीतर गाडीची वाट पाहत बसलेला असायचो, आणि वाट पाहणाऱ्या माणसाला सल्ला देणं हे आमच्याकडे पुण्याचं काम समजतात.

वर्ध्याच्या एका ठोक दुकानाचा मी फिरता माणूस होतो. दुकान शाळेच्या सामानाचं. पाट्या, लेखण्या, अंकलिप्या, शाईच्या पुड्या, भिंतीवरचे नकाशे. पत्र्याच्या पेटीत प्रत्येकाचा एकेक नमुना घालून मी गावोगाव जायचो, गुरुजींना आणि दुकानदारांना तो दाखवायचो आणि मागणी लिहून आणायचो. आधी हिंगणघाट, तिथून मोटरीनं वडनेर. मग उलट फिरून पुलगाव, पुलगावहून आर्वीची छोटी गाडी, जिच्यातून उतरून माणूस शेतातल्या विहिरीवर पाणी पिऊन परत चढला तरी चालतं. आर्वीहून पुन्हा मोटरीनं तळेगाव. पेटी कधी टपावर, कधी मांडीवर. माझ्या डाव्या मांडीला तिच्या कडीचा वळ कायमचा पडला होता आणि तो पाहून बायको म्हणायची, ही पेटीच तुमची खरी बायको.

घर सेलूजवळच्या एका खेड्यात. घरी माय, बायको आणि दोन एकर कोरडवाहू. महिन्यातले आठ दिवस मी घरी असलो तर खूप. तेही धुणं, झोप आणि पुन्हा पेटी भरणं यातच जायचे. पायाला भिंगरी असलेल्या माणसाचं लोकांना कौतुक वाटतं. ज्याच्या पायाला ती असते त्याला विचारा.

त्या वर्षी चैत्रात बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. माहेर चांद्याकडलं, लांब. जाताना ती फार काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "पोरगं तुमाले पाव्हना समजन, एवढं ध्यानात ठेवजा." मी त्यावर चिडलो, कारण ते खरं होतं.

बसायची नोकरी म्हणजे सरकारी कचेरीतली कारकुनी, आणि तिला वयाची अट. पंचविशी उलटली की अर्जच घेत नसत. मी पंचविसाव्या वर्षात होतो आणि माझ्या पंचविशीत गुरुजींनी आधीच घोटाळा करून ठेवला होता. शाळेत नाव घालताना त्यांनी मायला विचारलं, पोरगं कधीचं. माय म्हणाली, पोळ्याच्या आगंमागंचं. गुरुजींना पोळ्याची तारीख शोधण्याचा कंटाळा आला असणार. त्यांनी अर्ध्या वर्गाला टेकवली तीच एक जुलै मलाही टेकवली. म्हणजे गुरुजींच्या मतानं मी दोन महिने आधी जन्मलो, आणि सरकारनं माझ्या मायपेक्षा गुरुजींचं ऐकलं. त्या एक जुलैच्या आत जमलं तर जमलं, नाहीतर जन्मभर पेटी.

त्यात नुकतीच नागपूरची राजधानी गेली होती आणि आम्ही मुंबईच्या राज्यात आलो होतो. यावर डब्यातल्या प्रत्येक माणसाचं मत होतं. एक म्हणायचा, आता सगळ्या नोकऱ्या मुंबईवाले खाणार. दुसरा म्हणायचा, उलट आहे, आता नव्या कचेऱ्या निघतील. तिसरा म्हणायचा, वेगळा विदर्भ झाला की घरोघर नोकरी, तवरलोक दम धरा. मी म्हणायचो, माझ्याकडे जूनपर्यंतच दम आहे. त्यावर तो म्हणायचा, "येवढी घाई काऊन करून राह्यले बावा?" आणि आपल्या स्टेशनावर उतरून जायचा.

तळेगावच्या शाळेत एक म्हातारे हेडमास्तर होते. माणूस भला, पण माझी पेटी उघडण्याआधी तासभर बोलायचे. मी मास्तर व्हावं असं त्यांचं मत. तेच स्वतः मास्तरकीला रोज शिव्या द्यायचे, ही गोष्ट मी एकदा त्यांच्या नजरेस आणली. ते म्हणाले, "म्हनून तर सांगतो. मले अनुभव हाये." मालकाचं मत आणखी वेगळं. माझ्या अर्जांची कुणकुण त्यांना लागली तेव्हा त्यांनी गादीवरून न हलता मला समजावलं, "बाबू, फिरनाऱ्या मानसाले दुनिया समजते. बैठे बैठे क्या होता है? बवासीर." स्वतः ते वीस वर्षं त्याच गादीवर बसून होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मतं मलाही होती, नाही कशाला म्हणू. बाहेरगावी राहणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचतं? हिंगणघाटच्या स्टेशनावरचा चहा म्हणजे गरम पाण्यात चहाच्या पुडीची आठवण. मोटरीत पुढच्या बाकावर बसणारा माणूस हमखास हलकट निघतो. ज्या गुरुजीच्या टोपीला इस्त्री असते तो मागणी कमी देतो. अशी माझी मतं पेटीतल्या नमुन्यांसारखी मी गावोगाव वागवायचो आणि कोणी विचारलं नाही तरी दाखवायचो. पण ती मी स्वतःजवळ ठेवली असती तर कोणाचं काही अडलं नसतं, हे मला तेव्हा कळायचं नाही.

अर्ज मी असेच वाटेत लिहायचो. पेटी आडवी टाकली की टेबल. दौत पायांच्या मध्ये धरायची, आणि मोटर सुरू होण्याआधी "आपला आज्ञाधारक" इथपर्यंत पोचायचं. अठरा अर्ज केले. बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. दोन ठिकाणी बोलावणं आलं. त्यातल्या एकाच्या दिवशी मी वडनेरला अडकलो, कारण मोटरीचा पट्टा तुटला. दुसऱ्या ठिकाणी गेलो तर माझ्याआधी साठ माणसं उभी. एकोणिसावा अर्ज वर्ध्यातल्याच एका कचेरीचा होता. तो सगळ्यांत जवळचा, सगळ्यांत चांगला. घरून सेलूपर्यंत पायी, पुढं गाडी, संध्याकाळी परत. त्या जागेची मी इतकी स्वप्नं पाहिली की तिथली खुर्चीसुद्धा मला दिसायची.

जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आधी आमच्या धंद्याला मोठी घाई. मालकानं मला सलग बारा दिवसांच्या फेरीवर पाठवलं. मी म्हटलं, माझं एक बोलावणं यायचं आहे, मध्ये एक दिवस घरी येऊन जातो. मालक म्हणाले, "बोलावना आयेगा तो घर पे आयेगा, भाग थोडे जायेगा." मीही ते मुकाट्यानं ऐकलं. त्या बारा दिवसांत रोज सकाळी उठल्यावर मला वाटायचं, आज कार्ड आलं असेल. तळेगावच्या हेडमास्तरांनी या खेपेला मला विचारलं, "नोकरीचं काय झालं?" आणि उत्तर न ऐकताच सांगितलं, "मास्तर व्हा."

बुधवारी दुपारी घरी पोचलो. मृग लागला होता, पण आभाळ कोरडं आणि ऊन वैशाखाचं. माय अंगणात पायरीवर बसली होती. तिनं केस विंचरले नव्हते. मी पेटी खाली ठेवायला गेलो तर ती एकदम उठली आणि हात आडवा करून म्हणाली, "थांब. घरात नोको जाऊ. पाय बी धुऊ नोको. आंदी कोठ्याकडं जा."

कोठा म्हणजे आमचा बैलांचा गोठा, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या कुडाचा. त्या कुडात, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, एक पोस्टकार्ड खोचलेलं होतं. कार्डाचा एक कोपरा फाटलेला.

आमच्याकडे कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी. तसं कार्ड उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. बाहेरच वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं आणि डोक्यावरून आंघोळ करायची. पोस्टमनलाही ते ठाऊक. असं कार्ड असलं की तो हाकसुद्धा मारत नसे. त्यानं ते ओट्यावर दगडाखाली ठेवलं आणि चालता झाला. माय वावरातून धसकटं वेचून आली तेव्हा तिला ते दिसलं. तिला वाचता येत नव्हतं. गावात दुकानदाराला येत होतं, पण ती त्याच्याकडे गेली नाही.

"काऊन नाही गेलीस?" मी नंतर विचारलं.

"कोन असन ते मले समजलं होतं ना," ती म्हणाली. "पयलटकरीन हाये. तिकडूनच आलं असन. जवरलोक वाचलं नाई तवरलोक ते जित्ती हाये, असं म्हनलं मी."

आठ दिवस ती त्या कार्डाबरोबर एकटी राहिली होती. सुतक पाळावं तर गेलेलं माणूस माहीत नाही, न पाळावं तर पाप. म्हणून तिनं अर्धं पाळलं. भाजीला फोडणी दिली नाही, देवाला हात लावला नाही, पण डोक्यावरून आंघोळही केली नाही, कारण ती केली तर सून मेली असं तिनं स्वतःच कबूल केल्यासारखं झालं असतं. मी यायची ती वाट पाहत होती. वाचणारा मी, आणि माझंच माणूस.

पण हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मी फक्त तो कोपरा पाहिला. मला बायकोचं ते जातानाचं बोलणं आठवलं, आणि मी तिच्यावर चिडलो होतो तेही. कार्ड उपटताना पऱ्हाटीचा काटका हातात घुसला. वाचलं. एकदा वाचून समजलं नाही म्हणून पुन्हा वाचलं. कारकुनाच्या जागेसाठी सोमवारी सकाळी अकरा वाजता मूळ दाखल्यांसह हजर राहावे.

आज बुधवार होता.

माय मागून ओरडली, "कोन गेलं? सांग ना रे, कोन गेलं?"

"कोणी नाही गेलं," मी म्हणालो. "माझी नोकरी गेली."

तिला आधी उमजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. मग ती मटकन खाली बसली, पदर तोंडावर घेतला आणि हसायला लागली. हसता हसता रडली. "कोनी मेलं नाई! बाई वं, कोनी मेलं नाई!" असं म्हणत आत गेली, देवापुढं गुळाचा खडा ठेवला आणि दुसरा खडा आणून माझ्या हातात दिला. तिचा चेहरा असा उजळला होता की लग्नात नवरीच्या आईचाही उजळत नाही. आणि मी तो गुळाचा खडा हातात धरून उभा होतो. माझी पंचविशी, माझी खुर्ची, संध्याकाळचं घर, सगळं सोमवारी अकरा वाजता वर्ध्याला जाऊन संपलं होतं, आणि ही बाई मला गूळ खायला सांगत होती. माझं डोकं फिरलं. मी खडा अंगणात भिरकावला आणि म्हणालो, "याच्यापेक्षा कोणी मेलं असतं तर पुरवलं असतं!"

मायचं हसणं थांबलं. ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "थुक. थुक आंदी. तिचे दिवस भरत आले हायेत, अन् तू असं बोलून राह्यला?" मी थुंकलो. तोंडातलं बोलणं थुंकून जात नाही, पण थुंकलो. त्या दुपारी तिनं आठ दिवसांत पहिल्यांदा भाजीला फोडणी दिली आणि तो वास घरभर पसरला. मला तो सहन झाला नाही, म्हणून मी बाहेर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी कार्ड खिशात घालून वर्ध्याची कचेरी गाठली. म्हटलं, हातापाया पडू, घडलं ते सांगू. एक जुलैला अजून दिवस आहेत. तिथले हेडक्लार्क वयस्कर, वऱ्हाडाकडले, पान खाणारे. मी कार्ड पुढं केलं तसा त्यांनी हात मागं घेतला. मग पत्ता पाहिला आणि त्यांना हसू फुटलं.

"तुमीच का ते?" ते म्हणाले. "सोमवारी आले काऊन नाई? जागा भरली ना."

मी सगळं सांगितलं. मायचं, कुडाचं, आठ दिवसांचं. सांगताना माझा आवाज चढला. म्हणालो, सरकारी कचेरीनं असं कोपरा फाटलेलं कार्ड कोणाच्या घरी पाठवावं का? खेड्यातल्या बाईनं काय समजावं? हे तुम्हाला शोभतं का? ते शांतपणे पान चघळत ऐकत राहिले. मग म्हणाले, "पत्ता कोनाच्या हातचा हाये, पाहा बरं."

पत्ता माझ्या हातचा होता.

अर्जासोबत उत्तरासाठी आपलंच कार्ड, आपला पत्ता घालून जोडायचं, असा त्या कचेरीचा नियम होता. इतक्या घाईत, इतक्या रागात मी कार्डाची मागची बाजू वाचली होती. पुढची बाजू पाहिलीच नव्हती. "आमच्या बाबूनं तवाच मले दाखवलं," हेडक्लार्क म्हणाले. "म्हने, हा मानूस नोकरी मांगते का तेरवीचं आवतन?"

"मग तुम्ही दुसरं कार्ड का नाही लावलं?"

"नियमात नाई. अर्जदाराचंच लावा लागते." मग त्यांनी थोडं पुढं वाकून, अगदी आपलेपणानं सांगितलं, "अन् माह्यं मत विचाराल तर मानसानं कार्ड धडाचं पाठवावं. पयलं मत त्याच्यावरूनच होते."

मला ते स्टेशन आठवलं. हिंगणघाट, मे महिना, गाडीला दहा मिनिटं. अर्ज लिहून झाला होता आणि कार्ड पेटीत, नमुन्याच्या पाटीखाली. घाईनं ओढलं तसा पाटीच्या चौकटीच्या खिळ्यात अडकून कोपरा फाटला. दुसरं कार्ड जवळ नव्हतं. पोस्ट लांब होतं. माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. ध्यानात आलं होतं. पण मी म्हटलं, सरकारी कचेरीला कसलं आलंय सुतक, त्यांना काय त्याचं. आणि हे कार्ड फिरून कोणाच्या दारी जाणार आहे, याचा मी विचारच केला नाही. गावोगाव फिरणारा माणूस मी, पण माझं कार्ड माझ्या घरी जाणार हे मला सुचलं नाही.

पुढची जागा कधी निघेल, मी विचारलं. दिवाळीनंतर, ते म्हणाले. मी जन्मतारीख सांगितली. त्यांनी नुसतं कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या कागदाकडे वळले.

घरी आलो तेव्हा माय दारातच होती. मला पाणी दिलं. मी पिऊन होईपर्यंत थांबली आणि मग विचारलं, "काय म्हनले?"

"जागा भरली."

"मी वाचून घेतलं असतं तं भेटली असती ना?"

तिनं हे विचारलं तेव्हा सांगायला हवं होतं. कोपरा मी फाडला, पत्ता माझा, कार्ड माझं. तीन शब्दांचं काम होतं. पण कालचं बोलणं माझ्या तोंडात होतं, आणि दोन चुका एकाच दिवशी कबूल करायला जो मोठेपणा लागतो तो माझ्याजवळ नव्हता. शिवाय, खरं सांगतो, राग कोणावर तरी ठेवायला मला बरं वाटत होतं. मी तांब्या खाली ठेवला आणि काहीच बोललो नाही. तिनं काय समजायचं ते समजून घेतलं.

त्या एक जुलैला मी तळेगावात होतो. महिन्याच्या शेवटी मुलगी झाली, तेव्हा वडनेरात. मुलगी झाल्याचं कार्ड आलं तेव्हा मायनं दारावरून जाणाऱ्या कासाराला हात धरून थांबवलं आणि त्याच्याकडून वाचून घेतलं. त्यानंतर घरात कुठलंही कार्ड आलं की ती रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याला सोडत नसे. मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत मला पाहिलं की मायच्या मागं लपायची. पेटी मी पुढं अकरा वर्षं वाहिली.

आणि घरी कोणीही पाहुणा आला, माझ्या फिरतीचा विषय निघाला की माय सांगायची, "माह्या अडानीपनानं याची सरकारी नोकरी गेली. मी कार्ड कुडात खोचून ठेवलं." सांगताना तिचे डोळे भरायचे. पाहुणा माझ्याकडे पाहायचा. मी म्हणायचो, "जाऊ दे माय, झालं ते झालं." तिच्या मरेपर्यंत, चारचौघांत, मीच तिला माफ करत राहिलो.